जुनं हाउस नव्या डीजे सॉफ्टवेअरवर: बीटग्रिडपासून बेसच्या अदलाबदलीपर्यंत

१९८६-८७ सालचा शिकागोचा हाउस ट्रॅक (हाउस म्हणजे क्लबमध्ये नाचण्यासाठीचं इलेक्ट्रॉनिक संगीत) डीजे सॉफ्टवेअरमध्ये टाकला. स्क्रीनवर १२०.०० बीपीएम (मिनिटाला ठोके) दिसलं. सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं, पहिले सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार) छान गेले आणि मग दोन ट्रॅकच्या किक (ड्रमचे खालचे जड ठोके) एकमेकींपासून सुटून घोड्याच्या टापांसारख्या वाजायला लागल्या. ही तक्रार सतत ऐकू येते, आणि दर वेळी लोक जॉग व्हीलवरच्या (ट्रॅक पुढे-मागे ढकलायच्या चकतीवरच्या) हाताला दोष देतात. चूक बहुधा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, म्हणजे ट्रॅक लायब्ररीत घेतला त्याच वेळी.

कारण साधं आहे. रोलंडच्या टीआर-७०७ किंवा टीआर-९०९ ड्रम मशीनचा ठोका बऱ्यापैकी स्थिर असतो. पण तो पुढे टेपवर गेला, ती टेप ब्लेडने कापून जोडली गेली, त्यावरून रेकॉर्ड छापली गेली, आणि पुढे कधीतरी कुणीतरी कुठल्यातरी टर्नटेबलवरून ती फाइलमध्ये उतरवली. या प्रत्येक मुक्कामावर वेग किंचित हलतो. आजचं सॉफ्टवेअर मात्र आजच्या ट्रॅकच्या हिशेबाने चालतं: टेम्पो एकच, आकडा पूर्ण, आवाज कमाल पातळीवर. त्यामुळे जुन्या हाउससाठी खरं काम मिक्सरवर येण्याआधी करायचं असतं. एका ट्रॅकला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ती एकदाच द्यावी लागतात.

पुढचे टप्पे रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर, व्हर्च्युअलडीजे किंवा मोफत मिळणारं मिक्स्स यांपैकी काहीही वापरत असाल तरी लागू आहेत. बटणांची नावं बदलतात, क्रम बदलत नाही.

टप्पा १: कोणती आवृत्ती घ्यायची

जुन्या हाउसच्या एकाच गाण्याच्या चार-पाच आवृत्त्या सापडतात. मिक्ससाठी बारा इंची रेकॉर्डवरची लांब आवृत्ती घ्या. रेडिओ एडिटमध्ये सुरुवातीचे आणि शेवटचे नुसते ड्रमचे बार कापलेले असतात, म्हणजे आत शिरायलाही जागा नाही आणि बाहेर पडायलाही नाही. त्याच रेकॉर्डवर डब किंवा इन्स्ट्रुमेंटल असेल तर तीही घ्या. नव्या ट्रॅकवर जुना चढवताना पुष्कळदा डबच जास्त कामाला येते, कारण तिच्यात गायन कमी आणि ताल जास्त असतो.

विकत घेतलेली डिजिटल फाइल स्वच्छच असेल असं धरून चालू नका. मूळ टेप हरवलेल्या कित्येक रेकॉर्डच्या नव्या आवृत्त्या रेकॉर्डवरूनच उतरवलेल्या असतात. पहिल्या किकच्या आधीचे दोन सेकंद हेडफोन लावून, आवाज वाढवून ऐका. तडतड किंवा घरघर ऐकू आली तर ती रेकॉर्डवरून आलेली फाइल आहे, आणि तिची ग्रिड (ठोके कुठे पडतात ते दाखवणाऱ्या रेघा) हातानेच बसवावी लागणार.

फाइल शक्यतो एआयएफएफ किंवा फ्लॅक. डब्ल्यूएव्हीमध्ये कलाकाराचं नाव, साल, शेरा वगैरे टॅग सगळीकडे नीट टिकत नाहीत. एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसच्या खाली जाऊ नका, कारण जुन्या रेकॉर्डचा खरखरीत वरचा पट्टा आधी बिघडतो आणि हाय-हॅट (ड्रममधली झांज) पाण्यात बुडाल्यासारखी वाजते.

> सावध: फाइलचा प्रकार बदलायचा असेल तर ग्रिड आणि क्यू (ट्रॅकमधल्या हव्या त्या जागी उडी मारायच्या खुणा) लावण्याआधी बदला. एमपी३मध्ये रूपांतर करताना फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंद शांतता जोडली जाते. आधी बसवलेली ग्रिड तेवढ्याने सरकते आणि मग गडबड कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

टप्पा २: रेकॉर्ड स्वतः उतरवत असाल तर

तयार फाइल असलेल्यांनी पुढच्या टप्प्यावर जावं.

रेकॉर्ड आधी धुवा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात कव्हरच्या आतून बुरशी धरते, ती कोरड्या ब्रशने निघत नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड घ्या, खाचांच्या दिशेने गोल पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय सुई टेकवू नका. सुईचं वजन कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढंच ठेवा. डीजे कार्ट्रिजना ते साधारण ३ ग्रॅमच्या आसपास लागतं. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त नुकसान करते.

टर्नटेबलचा पिच (वेग बदलणारा फेडर) शून्यावर ठेवा आणि फिरत्या ताटलीच्या कडेवरच्या स्ट्रोबच्या ठिपक्यांवर नजर टाका. शून्याची रांग स्थिर दिसली पाहिजे. फेडर नकळत १ टक्का वर असेल तर फाइल १२०च्या जागी १२१.२ने उतरेल आणि सूर सुमारे १७ सेंटने चढेल (कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). नंतर सूर ओळखताना होणाऱ्या निम्म्या गोंधळाचं मूळ इथे असतं.

टर्नटेबलची तार फोनो प्रीअँपमध्येच जायला हवी. लाइन इनपुटला थेट जोडली तर बेस नाहीसा होतो आणि वरचे आवाज कर्कश येतात, कारण रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबलेला असतो आणि तो परत उचलण्याचं काम प्रीअँप करतो. ग्राउंडची बारीक तार स्क्रूखाली घट्ट आवळा. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे ग्राउंड सुटली की गुणगुण नेमकी ५० हर्ट्झवर येते, म्हणजे किकच्या पोटात. ती नंतर फिल्टरने काढायला गेलात तर किकही जाईल. तार आवळणं हा एकच इलाज.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. नंतर २० ते ३० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापा. तिथे टर्नटेबलची घरघर असते, जी ऐकू येत नाही पण क्लबच्या सबवूफरला फुकट दमवते. तडतड काढणारं सॉफ्टवेअर अगदी हलक्या हाताने वापरा. जोरात लावलं तर ते ९०९च्या रिमशॉटलाही तडतड समजून खाऊन टाकतं.

टप्पा ३: विश्लेषणाआधीची सेटिंग

ट्रॅक टाकण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

१. बीपीएमचा पट्टा. ११५ ते १३० त्यात आरामात बसेल असा निवडा. पट्टा चुकला तर १२०चा ट्रॅक ६० म्हणून नोंदवला जातो.

२. टेम्पो स्थिर की बदलता. रेकॉर्डबॉक्समध्ये नॉर्मल आणि डायनॅमिक असे दोन पर्याय आहेत, मिक्स्समध्ये टेम्पो स्थिर मानायचा की नाही याची खूण आहे. जुन्या हाउससाठीसुद्धा सुरुवात नॉर्मल, म्हणजे स्थिर पर्यायानेच करा. याचं कारण पुढच्या टप्प्यात येईल.

३. ऑटो-गेन, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची पातळी (गेन) आपोआप ठरवणारी सोय. त्याचं लक्ष्य खाली आणा, किंवा सरळ बंद ठेवून पाचवा टप्पा हाताने करा.

टप्पा ४: बीटग्रिड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे.

आधी आकडे समजून घेऊ. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. ग्रिडचा बीपीएम फक्त ०.०५ने चुकला तर ६४ बारांनंतर ग्रिड आणि किक यांच्यात सुमारे ५३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. दोन किकमध्ये पंचवीस-तीस मिलिसेकंदांचं अंतर पडलं की कानाला दोन वेगळे ठोके कळायला लागतात. म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्याच्या दुसऱ्या दशांश स्थळावर सगळा खेळ आहे. लक्षात ठेवायचं माप असं: १२०च्या आसपास, ६४ बारांत, दर ०.०१ बीपीएममागे साधारण ११ मिलिसेकंद.

आता क्रम.

१. ग्रिड एडिट उघडा आणि मेट्रोनोम चालू करा. नुसतं तरंगचित्र बघून ग्रिड बसवू नका. टेपवर दाबल्या गेलेल्या किकची सुरुवात चित्रात गोलसर दिसते आणि डोळा फसतो.

२. पहिला ‘एक’, म्हणजे बारचा पहिला ठोका, शोधा. पहिली ऐकू येणारी किक म्हणजे ‘एक’ असेलच असं नाही. मार्शल जेफरसनच्या १९८६च्या ‘मूव्ह युअर बॉडी’ची सुरुवात पियानोने होते, ड्रम नंतर येतात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर पियानोच्या एखाद्या ठळक स्वराला ‘एक’ समजतं आणि पूर्ण ट्रॅकभर ग्रिड एक-दोन ठोके सरकलेली राहते. ड्रम पूर्ण भरात आले की नवीन वाद्य किंवा आवाज जिथे शिरतो ती जागा पकडा. नवीन गोष्ट जवळजवळ नेहमी ‘एक’वर शिरते. खूण तिथे लावा आणि मागे मोजत या.

३. खुणेपासून १६ बार पुढे उडी मारा आणि ऐका. मग ३२, मग ६४. जिथे मेट्रोनोम आणि किक फाटलेल्या ऐकू येतात तिथे थांबा. ग्रिडची रेघ किकच्या आधी पडत असेल तर ग्रिडचा वेग जास्त आहे, बीपीएम कमी करा. रेघ नंतर पडत असेल तर वाढवा. दुरुस्ती नेहमी दूरच्या टोकाला उभं राहून करा. सुरुवातीला ०.०३ची चूक दिसतच नाही.

४. दोन्ही टोकं जुळली की मध्य तपासा. मध्यही जुळला तर ट्रॅकचा वेग स्थिर आहे, फक्त आकडा अपूर्णांकात होता (उदाहरणार्थ १२०.३७). बरेचसे ड्रम मशीनवाले ट्रॅक इथेच सुटतात. ग्रिड लॉक करा आणि पुढे जा.

५. टोकं जुळतात पण मध्य फाटतो, असं झालं तर वेग खरोखर हलतो आहे. आता अधिकच्या खुणा लावायच्या. सेराटोमध्ये ग्रिडवर एकाहून जास्त खुणा लावता येतात. रेकॉर्डबॉक्समध्ये बदल ‘या जागेपासून पुढे’ लागू करता येतो. ट्रॅक्टरमध्ये ही सोय चौथ्या आवृत्तीपासून आली. तिसरी वापरत असाल तर ज्या भागात मिक्स करणार तेवढ्याच भागापुरती ग्रिड जुळवा आणि बाकी सोडून द्या. खुणा फक्त फ्रेजच्या (बारांच्या एका गटाच्या) सुरुवातीला, दर ८ किंवा १६ बारांनी लावा.

६. टेपचा सांधा. जुन्या एडिटमध्ये ब्लेडने कापलेली टेप कधी अर्धा ठोका इकडे-तिकडे जोडलेली असते. ठरावीक जागी ग्रिड एकदम उडते आणि त्यानंतर सारखंच अंतर ठेवून चालते, ही त्याची ओळख. तिथे बीपीएमला हात लावू नका, फक्त नवी खूण लावा.

> सावध: रेकॉर्डचं भोक अगदी मधोमध नसेल तर वेग प्रत्येक फेरीत एकदा वाढतो आणि एकदा कमी होतो. ३३⅓च्या रेकॉर्डची एक फेरी १.८ सेकंदांची असते, ४५च्या रेकॉर्डची सुमारे १.३३ सेकंदांची. ग्रिड दर फेरीला जराशी पुढे-मागे डुलताना दिसली तर ते हे आहे. त्यामागे धावून खुणा लावू नका. डायनॅमिक विश्लेषण नेमकी हीच चूक करतं: प्रत्येक डुलण्याला खूण ठोकतं, आणि मग सिंकने बांधलेला नवा ट्रॅकही त्याच तालावर डुलायला लागतो. ग्रिड त्या डोलण्याच्या सरासरीवर बसवा.

डिस्कोचे जुने भाग किंवा खऱ्या ड्रमरने वाजवलेला ट्रॅक असेल तरच डायनॅमिक विश्लेषणाने सुरुवात करणं परवडतं, आणि तिथेही निम्म्याहून जास्त खुणा नंतर हाताने काढाव्या लागतात.

> तपासा: ट्रॅकचं पहिलं मिनिट, मध्य आणि शेवटचं मिनिट मेट्रोनोमसह ऐका. फ्यूचरच्या १९८७च्या ‘ॲसिड ट्रॅक्स’सारखा दहा मिनिटांवर जाणारा ट्रॅक असेल तर दर दोन मिनिटांनी. मग लॉक करा. लॉक न केलेली ग्रिड पुढच्या वेळी चुकून सगळी लायब्ररी पुन्हा विश्लेषणाला लावलीत की पुसली जाते.

टप्पा ५: आवाजाची पातळी

इथे लोक उलट्या दिशेने जातात. जुन्या ट्रॅकचा आवाज हळू वाटतो म्हणून त्याचा गेन वाढवतात. जुन्या ट्रॅकची सरासरी पातळी कमी असते, पण किकचं आणि क्लॅपचं टोक उंचच असतं. गेन ५-६ डेसिबलने वाढवलात की ती टोकं लाल दिव्यात जातात आणि ज्या धक्क्यासाठी हा ट्रॅक लावायचा तोच चपटा होतो.

गेन नव्या ट्रॅकचा कमी करा. दोन्ही ट्रॅकचा सगळ्यात भरलेला भाग आलटून पालटून वाजवा, डोळे मिटून कानाने सारखे वाटेपर्यंत नव्याला खाली आणा. साधारण ४ ते ६ डेसिबलचा फरक निघतो, कधी त्याहून जास्त. कमी झालेला आवाज मास्टरवर किंवा अँप्लिफायरवर भरून काढा. सॉफ्टवेअरमधला लिमिटर (ठरलेल्या पातळीवरचा आवाज दाबणारी सोय) चालू असेल तर तो काम करताना दिसता कामा नये. दिवा लुकलुकतोय म्हणजे गेन अजून जास्त आहे.

टप्पा ६: क्यू आणि फ्रेजची मोजणी

चार क्यू पुरतात: पहिला ‘एक’, बेसलाइन शिरते ती जागा, गाणाऱ्याचा आवाज शिरतो ती जागा, आणि बाहेर पडायला सुरुवात करायची जागा. शेवट फेड-आउटचा असेल तर बाहेर पडायचा क्यू फेड सुरू होण्याच्या किमान ३२ बार आधी लावा. हे विसरलं की दुसरा ट्रॅक चढेपर्यंत पहिला विरून गेलेला असतो.

आजच्या क्लब ट्रॅकमध्ये ८ बारांची, म्हणजे ३२ ठोक्यांची फ्रेज सहसा मोडत नाही. जुन्या हाउसमध्ये मोडते. हाताने टेप जोडताना २ किंवा ४ बार जास्तीचे राहून गेलेले असतात. म्हणून प्रत्येक जुना ट्रॅक एकदा बोटांवर मोजत पूर्ण ऐका आणि जिथे मोजणी तुटते ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवा: ‘३:१० नंतर ४ बार जास्त’. स्क्रीनवर रंगीत पट्ट्यांनी दाखवलेल्या आपोआप फ्रेजवर इथे विसंबू नका.

टप्पा ७: सेटमधला वेग

शिकागोचे सुरुवातीचे ट्रॅक बहुतेक ११८ ते १२५च्या दरम्यान, आजचा टेक-हाउस १२६ ते १३०. १२०.४चा जुना ट्रॅक थेट १२८वर न्यायचा म्हणजे ६ टक्क्यांहून जास्त ओढायचा. एवढ्यात सूर कीबोर्डवरच्या एका पट्टीहून जास्त, १०० सेंटच्या वर चढतो, आणि की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) लावला तर किक भुसभुशीत होते.

दोघांना मध्यावर भेटवा. १२०.४चा जुना आणि १२६चा नवा, तर सेटचा वेग १२३ ठेवा. जुना सुमारे २.२ टक्के वर, नवा २.४ टक्के खाली. कुणालाही ओढल्यासारखं वाटत नाही. सेट १२३ वरून १२६ला न्यायचा असेल तर तीन-चार ट्रॅकमध्ये, एकटा ट्रॅक वाजत असताना, पिच फेडर मिनिटाला अर्ध्या बीपीएमपेक्षा सावकाश सरकवत न्या. मिक्स चालू असताना वेग बदलू नका. फेडरचा पल्ला ६ किंवा ८ टक्क्यांवर ठेवा. १६ किंवा त्याहून रुंद पल्ल्यावर बारीक सरकवणं हाताला जमत नाही.

टप्पा ८: सूर आणि की-लॉक

सॉफ्टवेअरने दाखवलेली की (ट्रॅकचा मूळ सूर) जुन्या ट्रॅकच्या बाबतीत अंदाज समजा. टेप आणि टर्नटेबलच्या वेगातल्या फरकाने ट्रॅक दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी असतो; ३ टक्के वेगाचा फरक म्हणजे सूर अर्ध्या पट्टीहून थोडा जास्त सरकतो, ५० सेंटच्या वर. ॲसिड ट्रॅकमध्ये तर टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरचा फिल्टर वर-खाली होत राहतो, त्यातून निघालेल्या कीला काही अर्थ नसतो. ट्रॅकचा मूळ स्वर कीबोर्डवर किंवा फोनमधल्या ट्यूनरवर एकदा पडताळा आणि किती सेंट वर-खाली आहे ते शेऱ्यात लिहा.

की-लॉक केव्हा लावायचा? मिक्सच्या भागात दोन्हीकडे फक्त ड्रम असतील तर जुन्या ट्रॅकचा की-लॉक बंद ठेवा. किक आणि क्लॅप जशाच्या तशा टणक राहतात. कॉर्ड, पियानो किंवा आवाज एकमेकांवर येणार असतील तर हिशेब करा. वरच्या उदाहरणात जुना की-लॉकविना २.२ टक्के वर गेला म्हणजे सुमारे ३७ सेंट चढला, आणि नवा की-लॉकमुळे जागेवरच राहिला. पाव पट्टीहून जास्त बेसूर. आणि दोन्हीकडे की-लॉक बंद असेल तर हेच अंतर सुमारे ७९ सेंटपर्यंत जातं. अशा वेळी दोन्हीकडे लावा, किंवा त्याहून बरं, सुरांचे भाग एकमेकांवर येणारच नाहीत अशी जागा निवडा. हाउसमध्ये ड्रमचे लांब भाग त्यासाठीच ठेवलेले असतात.

टप्पा ९: प्रत्यक्ष मिक्स

सिंकचे बहुधा दोन प्रकार असतात: फक्त वेग जुळवणारा, आणि ठोकाही बांधून ठेवणारा. ग्रिडवर पूर्ण भरवसा नसेल तर पहिलाच प्रकार वापरा आणि ठोका जॉग व्हीलने धरा. क्वांटाइझ (उडी आपोआप ग्रिडवर बसवणारी सोय) जुन्या ट्रॅकच्या डेकवर बंद ठेवा, नाहीतर क्यू दाबला की ट्रॅक चुकलेल्या ग्रिडवर जाऊन बसतो. दोन्ही ट्रॅक सिंकमध्ये असतील तर स्थिर वेगाच्या नव्या ट्रॅकला मास्टर (ज्याच्या वेगामागे दुसरा चालतो तो) करा. जुना मास्टर झाला तर त्याचं हलणं नव्यावर लादलं जातं, आणि की-लॉकसह नवा ट्रॅक थरथरल्यासारखा ऐकू येतो.

नव्यावरून जुन्यावर जाताना:

१. मिक्सरवरचे लो, मिड आणि हाय हे खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्ट्याचे नॉब घड्याळासारखे वाचा. जुन्याचा लो पूर्ण खाली, मिड साडेदहाच्या काट्यावर, हाय बारावर. नव्याच्या फ्रेजच्या ‘एक’वर सुरू करा. फेडर १६ बारांत वर न्या.

२. हेडफोनमध्ये किकपेक्षा क्लॅप ऐका. किक एकमेकींत मिसळून चूक लपवतात, क्लॅप दोन झाल्या की लगेच कळतं. कोण मागे पडलंय ते कळत नसेल तर जुना ट्रॅक किंचित मागे ढकला. बिघडलं तर उलट दिशेला न्या. दर ८ बारांनी एक हलका स्पर्श पुरतो. सतत हात फिरवत राहिलात तर सूर डुलतो.

३. १६ बार झाले की फ्रेजच्या ‘एक’वर बेसची अदलाबदल: नव्याचा लो खाली आणि जुन्याचा लो वर, एकाच ठोक्यावर, दोन्ही हातांनी. अर्धा-अर्धा बेस दोन्हीकडे ठेवू नका. दोन किकची टोकं किंचित सरकलेली असली तर एकमेकींना खातात आणि नाचणाऱ्यांपर्यंत धक्काच पोचत नाही.

४. अदलाबदलीनंतर खालचा पट्टा रिकामा वाटेल. आजच्या ट्रॅकमध्ये ५० हर्ट्झच्या खाली भरपूर माल असतो, जुन्या किकचा ठोसा त्याच्या वर असतो. लो नॉब एकच्या काट्यापर्यंत नेलात तर चालतं, त्यापुढे फक्त घरघर वाढते. त्याऐवजी नव्याच्या हाय-हॅट लवकर काढा. वरचा झगमगाट गेला की जुन्याचा बेस आपोआप भरलेला वाटतो.

५. पुढच्या १६ बारांत नवा बाहेर.

जुन्यावरून नव्यावर जाताना क्रम तोच, फक्त नव्याचा हाय दहाच्या काट्यावरून सुरू करा. नवा ट्रॅक पूर्ण उघड्या हायने आला तर जुना त्याच क्षणी पांघरूण घातल्यासारखा दबतो, आणि ऐकणाऱ्याला मिक्सची सुरुवात कळून जाते.

स्विंगकडे (तालातल्या लंगडण्याकडे) लक्ष असू द्या. जुन्या ट्रॅकच्या सोळाव्या भागातल्या हॅट लंगडत चालत असतील आणि नव्याच्या सरळ, तर किक अचूक जुळूनही वर खडखडाट ऐकू येतो. ही ग्रिडची चूक नाही. एकाचा हाय पूर्ण काढा आणि एकाच वेळी एकाच्याच हॅट वाजू द्या.

टप्पा १०: लूप आणि स्टेम

आत शिरायला किंवा बाहेर पडायला जागा कमी असेल तर लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) वापरावाच लागतो. ४ ठोक्यांचा लूप १२०ला दोन सेकंदांचा होतो. त्यात रेकॉर्डची एक जरी तडतड सापडली तरी ती दर दोन सेकंदांनी घड्याळासारखी वाजते. लूप ८ किंवा १६ बारांचा घ्या आणि आधी हेडफोनमध्ये चार वेळा फिरवून ऐका. लूपची दोन्ही टोकं किकच्या सुरुवातीवर आहेत का तेही बघा, कारण ऑटो-लूप ग्रिडवरून लांबी ठरवतो आणि त्या भागात ग्रिड चुकली असेल तर प्रत्येक फेरीला ठोका सरकतो.

आवाज, ड्रम आणि बेस वेगळे करणारे स्टेम आता बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. जुन्या हाउसवर ते जपून वापरा. सगळा आवाज मधोमध, एकाच टेपवर दाबलेला असतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या आवाजाला ९०९च्या उघड्या हॅटची फुसफुस चिकटून येते. सुटा आवाज रिकाम्या जागी सोडू नका. नव्या ट्रॅकचे ड्रम चालू असताना सोडा, फुसफुस त्यात लपते. स्टेमचा खरा उपयोग वेगळाच आहे: जुन्याची किक ठेवून फक्त बेसलाइन काढायची असेल तर लो नॉबपेक्षा बेस स्टेम बंद करणं कितीतरी स्वच्छ. स्टेम शक्यतो घरीच आधी तयार करून ठेवा. वाजवताना तयार करायला घेतले तर जुना लॅपटॉप अडखळतो.

पेनड्राइव्ह नेण्याआधी

क्लबच्या प्लेअरवर वाजवणार असाल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट करा. फाइल एआयएफएफ, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा. जुने सीडीजे (क्लबमधले डीजे प्लेअर) फ्लॅक वाचत नाहीत आणि ९६ किलोहर्ट्झही घेत नाहीत. एक्सपोर्ट झाल्यावर शक्य असेल तर दुसऱ्या प्लेअरवर लावून तीन जुने ट्रॅक उघडा, प्रत्येकाचं शेवटचं मिनिट ऐका, आणि ग्रिडची रेघ किकवर पडते का ते बघा. शेऱ्याचा रकाना प्लेअरच्या यादीत दिसेल असं सेटिंग करून ठेवा, नाहीतर ‘४ बार जास्त’ ही नोंद अंधारात कामाला येणार नाही.